सहा हिवाळे

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माणसांना दात हवेसे होतात. वर्षभर बोळक्या तोंडाने निभावून नेलेलं असतं, पण घरी लेकीसुना येणार, फोटो निघणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपली मोडकी कवळी आठवते. मोठी ज्या लॅबमध्ये कवळ्या करायची तिथे डिसेंबरात मान वर करायला फुरसत नसायची. मेण तापवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, निघालेली कवळी घासूनपुसून डबीत ठेवायची आणि डबीवर नंबर टाकायचा. यंदाही तिने हे सगळं केलं. शेवटची डबी बंद करून ती हात धुवायला उठली तेव्हा मालक म्हणाले, "बाई, यंदा तुमचं एकही काम परत आलं नाही. आता जा, सुट्टी घ्या."

ते खरंच होतं. ऑक्टोबरात आई गेल्यापासून मोठीचा हात एकदाही चुकला नव्हता.

तिचं खरं नाव आता फक्त कागदांवर उरलं होतं. आईबापांना दोनच मुलं, ही मोठी आणि भाऊ धाकटा. त्यामुळे घरात ती मोठी, शेजारीपाजारीही मोठी, आणि पन्नाशी उलटली तरी मोठीच. लग्न केलं नाही, दूरच्या शहरात एकटी राहायची आणि दर हिवाळ्यात चार दिवस माहेरी जायची. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती गेली, तीन दिवस राहिली. आल्यागेल्यांची उठबस केली, कपाटं आवरली, दवाखान्याचे कागद निकालात काढले आणि चौथ्या दिवशी लॅबमध्ये हजर झाली. या सगळ्यात डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नंतर येईल, असं तिला वाटलं. नंतरही आलं नाही. दातांचा डॉक्टर सुई देतो, मग ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, चहा घ्यायला जावं तर अंगावर सांडतो. तसं तिचं झालं होतं. फरक एवढाच, की सुईचा अंमल दोन तासांत उतरतो. इथे दोन महिने होऊन गेले होते.

"येतेस ना?" धाकट्याने फोनवर विचारलं.

"येते," ती म्हणाली. जायचं काही कारण उरलं नव्हतं, पण न जायलाही कारण लागतं, आणि ते शोधायचा तिला कंटाळा आला.

सकाळच्या बसला थंडी मी म्हणत होती. काचा घट्ट बंद, आतून वाफ धरलेली. शेजारच्या सीटवर लोकरीची टोपी कानांवर ओढलेली एक बाई बसली होती. बस शहराबाहेर पडायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली.

"माहेरी निघालात?"

"हो."

"आई आहे?"

"आहे," मोठी म्हणाली.

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण 'नाही' म्हटलं की कधी, कशी, काय झालं होतं अशी रांग लागते. 'आहे' म्हटलं की मिटलं, असा तिचा हिशेब होता. तो साफ चुकला.

"नशीबवान हो तुम्ही. तब्येत कशी असते?"

"अंथरुणावर आहे. सहा वर्षं झाली. अर्धं अंग गेलंय. वहिनी बघते."

"मग खातात काय?"

"मऊ भात," मोठी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "सूप वगैरे."

"झोप लागते का? माझ्या सासूला रात्र रात्र झोप नव्हती. आणि पाठीला फोड आले होते. यांना नाहीत ना?"

मोठीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई रात्री झोपायची की नाही, पाठीला कधी काही झालं होतं का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला जे माहीत होतं ते वर्षातल्या चार दिवसांचं होतं, आणि त्या चार दिवसांत आई केस विंचरून, स्वच्छ चादरीवर बसवलेली असायची. पुढचे दोन तास ती एका जिवंत बाईबद्दल अंदाजाने उत्तरं देत राहिली. टोपीवाली बाई आपल्या गावाला उतरताना म्हणाली, "आईंना नमस्कार सांगा माझा." मोठीने सांगते म्हटलं.

धाकटा स्टँडवर मफलर गुंडाळून उभा होता. ती उतरली तशी त्याने आधी बॅगेला हात घातला नाही, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं. ऑक्टोबरातही सगळे असेच बघत होते.

घरात आता दोघंच, धाकटा आणि त्याची बायको. वहिनी मोठीपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण धाकट्याचे मित्र तिला वहिनी म्हणायचे ते मोठीच्याही तोंडी बसलं होतं. मोठी तिला वहिनी म्हणायची आणि अगं-तुगं करायची. वहिनी दार उघडून बाजूला झाली, "या ताई," म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

आईच्या खोलीतला पलंग काढून टाकला होता. पलंगाचे पाय होते तिथे फरशीवर चार गोल डाग होते. त्या चार डागांच्या मधोमध धाकट्याने गादी अंथरली होती.

"इथे झोपशील, की बाहेर घालू?" त्याने विचारलं आणि तो दाराच्या चौकटीला टेकून थांबला.

"इथेच बरं आहे."

तिने बॅग ठेवली, स्वेटर काढला, खिडकी लागते का बघितली. धाकटा अजून उभाच. मग तो बाहेर गेला आणि दबक्या आवाजात फोनवर बोलू लागला. भिंती पातळ होत्या.

"नाही मामा, अजून नाही. खोलीत गेली, बॅग ठेवली. नाही, काहीच नाही."

ताप उतरला का, असं कुणी विचारावं आणि सांगावं, तसं ते बोलणं होतं. मोठीला राग आला नाही. तिला एवढंच वाटलं, की बिचाऱ्याला सांगण्यासारखं काही मिळालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शाळेतली मैत्रीण आली. ती मुलांना शिकवायची म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत; बोलतानाही ती फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची. तिने काखेतून जुन्या फोटोंचा अल्बम काढला. तो धाकट्यानेच तिच्याकडे पोचवला होता, हे उघड होतं. मास्तरीण एकेक फोटो दाखवत गेली. हा तुमच्या अंगणातला. ही आई. हा तुझा बक्षीस समारंभ, ही आई. मोठी प्रत्येक फोटो नीट बघत होती. आईचे खरे दात फोटोगणिक कमी होत गेलेले तिला दिसले.

"दुःख असं दाबून ठेवू नये गं," मास्तरीण तिचा हात हातात घेऊन म्हणाली. "बाहेर पडू दे."

"दाबत नाही मी. दाबायला कुठे सापडतच नाही."

मास्तरणीने तिचा हात सोडला. तिने चहा संपवला आणि पुन्हा येते म्हणून गेली.

तेवढ्यावर थांबेल तर तो धाकटा कसला. दुपारी त्याने आईच्या कपाटातून एक स्टीलची डबी आणली आणि मोठीसमोर ठेवली. आत आईची कवळी होती. सात वर्षांपूर्वी मोठीनेच ती केली होती, आई आजारी पडायच्या आदल्या वर्षी. धाकटा समोर बसून राहिला.

मोठीने कवळी उचलली आणि उजेडाकडे धरली. बोटं आपोआप कामाला लागली. खालच्या डाव्या दाढेच्या कडेला एक ओरखडा होता; तिथे तिने त्या वेळी घाई केली होती, हे तिला आठवलं. उजव्या बाजूचे दात झिजले होते, डावीकडचे जसेच्या तसे. म्हणजे आई सहा वर्षं एकाच बाजूने चावत होती. ते साहजिकच होतं, डावी बाजू गेलीच होती. तिने कवळी उलटी केली आणि तिचा हात थांबला.

रोज तोंडात असलेली कवळी सात वर्षांत कशी होते हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दातांच्या मुळाशी पिवळा थर धरतो, टाळूच्या भागाला काळपट डाग पडतात, फटींमध्ये दगडासारखा मळ बसतो. भलेभले लोक आणून देतात ती कवळी हातात धरवत नाही. ही कवळी लख्ख होती. फटीसुद्धा कोरड्या, साफ. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, मऊ ब्रशने, एक दिवसही न चुकता कुणी घासली तरच अशी राहते. आईला एका हाताने ती घासता येणं शक्य नव्हतं. आणि धाकट्याने तर स्वतःचा कपही कधी विसळला नव्हता.

"ही रोज कोण धुवायचं?" तिने विचारलं.

"ही करायची," धाकटा म्हणाला. "का गं? काय झालं?" त्याच्या आवाजात आशा होती.

"काही नाही. चांगली ठेवलीय."

तिने कवळी डबीत ठेवली. चारच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली, तेव्हा वहिनी ओट्याशी उभी होती. हातात कोमट दुधाची वाटी आणि चमचा. वाटीकडे बघत ती नुसती उभी होती. मोठीला बघून तिने दूध परत पातेल्यात ओतलं.

"चार वाजले की हात जातो हो आपोआप," ती म्हणाली आणि पातेलं झाकायला लागली.

तिसऱ्या दिवशी मामा आले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, ऐंशीला टेकलेला, जिभेने अजून पंचविशीतला. मोठी सुट्टीवर आली की गावातले म्हातारेकोतारे आपापल्या कवळ्या घेऊन यायचे, हे ठरलेलंच. कुणाची सैल, कुणाची टोचणारी. मोठी बॅगेत हत्यारांची पेटी टाकूनच निघायची. मामांची कवळी मधोमध तडकली होती. तिने ती जोडली आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत तोंडात घालायची नाही. जोड धरू दे."

"म्हणजे जेवायला घालणार आणि दात काढून घेणार," मामा म्हणाले. "बरा न्याय आहे."

जेवायला चौघं बसली. म्हणजे तिघं बसली आणि वहिनी वाढत होती. मामांना चावता येणार नव्हतं, म्हणून तिने त्यांचा भात वरण घालून मऊ कालवून दिला. बोळक्या तोंडातून मामांचे शब्द फुसफुसत येत होते, पण थांबत नव्हते.

"हे बघ मोठे, मी स्पष्ट बोलतो. आई गेली आणि लेकीच्या डोळ्याला पाणी नाही, हे बरं लक्षण नव्हे. आत साठतं ते. माझी ताई होती ती, मी ढसाढसा रडलो, मोकळा झालो. हा रडला. आता तुझं राहिलंय. शेवटी लेकीचं दुःख ते लेकीचं. बाकीच्यांनी कितीही केलं तरी लेकीची सर..."

पुढे त्यांना बोलता आलं नाही, कारण घास घशाशी अडकून त्यांना ठसका लागला. भात हनुवटीवर ओघळला. वहिनी भाजी वाढायला वाकलीच होती. तिने भांडं खाली ठेवलं, डावा हात मामांच्या मानेमागे धरला, त्यांचं डोकं थोडं पुढे झुकवलं आणि उजव्या हाताने रुमाल काढून हनुवटी पुसली.

"गिळा," ती म्हणाली. "सावकाश. घाई नाही. मी आहे इथे. गिळलं? आ करा बघू, आ."

मामांनी मुकाट्याने आ केला. तिने आत बघितलं, मान हलवली आणि चमच्याने पुढचा लहानसा घास त्यांच्या ओठांशी नेला.

मग आपण काय करतोय ते वहिनीला समजलं. चमचा तिथेच राहिला. धाकटा तिच्याकडे बघत होता, मोठी बघत होती, मामा तोंड उघडं ठेवून बघत होते. वहिनीने चमचा ताटात ठेवला, दोन पावलं मागे गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. तोंडातून आवाज आधी आलाच नाही, नुसते खांदे हलत होते. आवाज आला तेव्हा तो मोठा होता. ती बराच वेळ रडली.

धाकटा उठला आणि तिच्या जवळ जायचं की पाणी आणायचं हे न कळून मधेच उभा राहिला. मामा खाली मान घालून ताटातला भात एका बाजूला सारत होते. मोठी हात धुवून आली आणि वहिनीच्या शेजारी फरशीवर बसली. फरशी बर्फासारखी गार होती. तिने खुर्चीवरची शाल ओढून वहिनीच्या पाठीवर टाकली. आपल्यालाही आता काही होईल, असं तिला क्षणभर वाटलं. तिने वाट पाहिली. काही झालं नाही.

"शेवटचे दोन महिने," वहिनी हुंदके आवरत म्हणाली, "त्या मला मोठीच म्हणायच्या. मी पाणी घेऊन गेले की, मोठे, आलीस का गं. सुट्टी मिळाली का. आधी मी सांगायचे, मी सून आहे. मग त्या रडायच्या. मग मी हो म्हणायला लागले. हो आई, आले. मिळाली सुट्टी." तिने नाक पुसलं. "तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. तुमचा फार राग यायचा हो ताई."

"येणारच," मोठी म्हणाली.

"वर्षातले चार दिवस तुम्ही यायचात. त्या सगळ्यांना सांगत सुटायच्या, लेक आली, लेक आली. आणि त्या चार दिवसांत मला दुप्पट काम."

"खरं आहे."

मामांनी घसा साफ केला. "सूनबाई," ते फुसफुसले, "मी मघाशी जे बोललो..."

"मामा, तुम्ही भात खा," मोठी म्हणाली. ते खायला लागले.

थोड्या वेळाने तिने वहिनीला विचारलं, "तू माहेरी जाऊन किती दिवस झाले?"

"दिवस?" वहिनी जरा हसल्यासारखी झाली. "सहा हिवाळे. आधी दरवर्षी जायचे सुट्टीत. आईचा फोन येतो, यंदा तरी ये म्हणून. आता काय, जाता येईल कधीतरी."

"उद्या जा."

"उद्या कसं? तुम्ही आलाय, घरात माणसं येतायत..."

"माणसं माझ्यासाठी येतायत. मी आहे इथे. सकाळी बस असेल ना? किती तास लागतात?"

"पाच," धाकटा मधेच म्हणाला. "पण मोठे, तू चार दिवसांसाठी आलीस. आणि स्वयंपाक? ही गेली तर स्वयंपाक कोण करणार?"

"आपण दोघं. तू बटाटे सोल, मी शिजवते. लॅबला फोन करून सुट्टी वाढवून घेते. दोन महिन्यांत माझं एक काम परत आलं नाही, नाही म्हणायचे नाहीत."

"लोक काय म्हणतील?" वहिनी पुटपुटली. "नणंद घरी आली आणि ही माहेरी निघून गेली."

"हसतील त्यांचे दात दिसतील," मोठी म्हणाली. "आणि या गावातले निम्मे दात माझ्याच हातचे आहेत."

मामांना पुन्हा ठसका लागला, या वेळी हसण्याचा. वहिनीचा हात सवयीने पुढे झाला. मोठीने तो धरून ठेवला, आणि मामांनी आपली हनुवटी आपणच पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी वहिनीला सोडायला स्टँडवर गेली. धाकट्यालाही यायचं होतं, पण त्याने दूध उतू घालवलं होतं आणि ते पुसत बसला होता. वहिनीने इतकी लहान बॅग घेतली होती की मोठीने तिला दारातूनच आत परत पाठवून आणखी दोन स्वेटर भरायला लावले होते. बस लागली. खिडकीशी बसल्यावर वहिनीने काच थोडी सरकवली.

"ताई, एक विचारू? तुम्हाला खरंच काही वाटत नाही?"

मोठीने विचार केला. एवढ्या दिवसांत हे असं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

"नाही गं. अजून तरी नाही. लाकडासारखं झालंय. वाटेल तेव्हा वाटेल."

"नाहीच वाटलं तर?"

"मग काय करणार. तसंच राहीन."

वहिनीने मान हलवली. तिने सल्ला दिला नाही, हात धरला नाही. मोठीला ते बरं वाटलं. निदान बरं वाटण्याच्या जवळपासचं काहीतरी झालं. बस सुटली आणि धुक्यात शिरली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. भात एकदा करपला, एकदा कच्चा राहिला. मीठ कुठल्या डब्यात आहे हे शोधण्यात एक अख्खी सकाळ गेली. धाकटा जन्मभर त्या घरात जेवत होता, पण त्यालाही ठाऊक नव्हतं. मास्तरीण एकदा आली, तिच्या हातात अल्बम नव्हता. तिला कांदे चिरायला बसवलं. कांद्याने तिचे डोळे वाहायला लागले तशी ती आशेने मोठीकडे बघू लागली. मोठीच्या डोळ्यांत कांद्याचंही पाणी येत नव्हतं. मामांनी फोनवर चौकशी केली, पण अमुक झालं का, तमुक झालं का, असं विचारलं नाही. सूनबाई पोचली का, एवढंच विचारलं.

आठव्या दिवशी अकराच्या सुमारास वहिनीचा फोन आला. आवाज जड होता.

"ताई, आणखी चार दिवस राहिले तर चालेल का?"

"राहा की. आवाजाला काय झालंय? सर्दी?"

"नाही." वहिनी जांभई देत होती. "आत्ताच उठले. आईने उठवलंच नाही. ती म्हणते, झोपू दे हिला."

"झोप अजून," मोठी म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटा ओट्याशी बटाटे सोलत होता. सालांबरोबर निम्मा बटाटा जात होता.

"काय म्हणाली?"

"आणखी चार दिवस राहतेय. आत्ता उठली म्हणाली."

"आत्ता?" त्याने घड्याळाकडे बघितलं. हातातला बटाटा त्याने खाली ठेवला. "बरं केलंन," तो म्हणाला, आणि पुढचा बटाटा घेतला. मोठीने त्याच्या हातातून सुरी घेतली, सालं पातळ कशी काढायची ते एकदा करून दाखवलं, आणि लॅबला फोन करायला बाहेर गेली.